नोंद वजा कपाट

वजाबाकी! दोन आकड्यांची नव्हे, दोन अख्ख्या याद्यांची! पायथनमध्ये ती एका चिन्हात होते हे कळल्यापासून भेटेल त्याला मी हेच सांगत सुटले आहे.

आमच्या वाचनालयात ग्रंथपडताळणी चालू आहे. एका फाइलमध्ये नोंदवहीतले दाखल क्रमांक, दुसरीत कपाटातल्या पुस्तकांवरचे. दोन्हीकडे ४०,०००च्या आसपास. नोंदीत आहेत पण कपाटात नाहीत, अशी पुस्तकं कोणती? सरधोपट रीत म्हणजे पहिल्या यादीतला एकेक क्रमांक घ्यायचा आणि दुसरी यादी वरपासून धुंडाळायची. वेळ पडली तर १६० कोटी तुलना! त्याऐवजी दोन्ही याद्यांचे 'सेट' केले आणि लिहिलं: नोंद - कपाट. एंटरवरचं बोट उचलेपर्यंत गहाळ पुस्तकं पडद्यावर! आणि हो, पायथन ३ मध्ये चलांना अशी देवनागरी नावं खुशाल देता येतात. केवढा आनंद!

हे होतं कसं? सेट यादी चाळतच नाही. तो मूल्यावर एक गणित करतो, त्यातून 'हॅश' नावाचा आकडा निघतो आणि त्यावरून मूल्याची जागा ठरते. टपाल कचेरीत पत्र पिनकोडप्रमाणे आपापल्या खणात पडतं, तसं. पुन्हा शोधताना तेच गणित, तोच खण. क्रमांक चाळीस हजार असोत की चार लाख, एका शोधाला सरासरी जवळजवळ तेवढाच वेळ. ही कल्पना आयबीएममधल्या हान्स पीटर लून यांनी १९५३ साली एका अंतर्गत टिपणात मांडली होती. सत्तर वर्षांपूर्वी!

दोन्हीकडचे समान क्रमांक हवेत? मध्ये '&' टाका. कुठल्या तरी एकाच बाजूला असलेले? '^'. साध्या याद्यांची बरोबरी तपासताना क्रमसुद्धा जुळावा लागतो, सेटला क्रमाशी देणंघेणं नाही. मात्र सेट प्रत्येक मूल्य एकदाच ठेवतो. क्रमांकांना ते चालतं, कारण प्रत्येक प्रतीचा दाखल क्रमांक वेगळा. शीर्षकांना चालत नाही. तिथे 'काउंटर' घ्यायचा: नोंदीत एका कादंबरीच्या पाच प्रती, कपाटात तीन, की वजाबाकी चोख दोन सांगते.

पण खरी गंमत मराठी शीर्षकांत आहे. 'ऱ' हे अक्षर युनिकोडमध्ये दोन प्रकारे साठवता येतं: एकसंध, किंवा 'र' आणि खाली नुक्ता असं जोडून. डोळ्यांना फरक दिसत नाही, तुलनेला दिसतो! म्हणून 'दऱ्या' किंवा 'वाऱ्या' असलेलं शीर्षक कपाटात असूनही गहाळ ठरू शकतं. त्यावरही तोड पायथनमध्येच आहे, 'नॉर्मलाइझ' नावाचं फंक्शन. दोन्ही याद्या आधी त्यातून काढायच्या, सगळे 'ऱ' एका साच्यात येतात आणि मग वजाबाकी करायची.