इन्स्पेक्टरचं ऐकणं

रहस्यनाटकातल्या इन्स्पेक्टरला घर नसतं. बायको, कर्ज, जुनं दुखणं, यातलं लेखक त्याला काहीच देत नाही. घरात आक्रीत घडल्यावर तो येतो, प्रश्न विचारतो आणि जातो. म्हणून तरुण नट ही भूमिका घ्यायला नाखूश असतात. मी स्पर्धेच्या नाटकांतून वर्षानुवर्षं इन्स्पेक्टर केला, आवडीनं केला. नटाच्या ऐकण्याची इतकी कसोटी दुसरी भूमिका क्वचितच घेते.

जे. बी. प्रीस्टली यांचं ‘ॲन इन्स्पेक्टर कॉल्स’ घ्या. ते १९४५ मध्ये आधी सोव्हिएत रशियात रंगलं आणि १९४६ मध्ये लंडनला आलं. तिथे राल्फ रिचर्डसन इन्स्पेक्टर गूल झाले. काळ १९१२ चा. कारखानदार बर्लिंग यांच्या घरी मुलीच्या साखरपुड्याचं जेवण चाललंय. गूल येतो आणि सांगतो, ईव्हा स्मिथ नावाच्या मुलीनं जंतुनाशक पिऊन जीव दिला. तोवरचा गुलाबी, ऊबदार प्रकाश त्याच्या येण्याबरोबर प्रखर व्हावा, असं संहितेतच आहे.

पुढे तो खिशातून फोटो काढतो आणि एका वेळी एकालाच दाखवतो. बाकीच्यांना तो दिसता कामा नये, कारण सगळ्यांनी पाहिलेला फोटो एकच होता का, यावर पुढचं नाटक उभं आहे. नटासाठी हे अवघड काम. खांदा बाकीच्या पात्रांच्या आड यायला हवा, पण फोटो बघणाऱ्याचा चेहरा प्रेक्षकांपासून झाकता कामा नये. फोटो छातीच्या उंचीवर, मनगट आत वळवलेलं. आणि नजर फोटोवर मुळीच नाही, समोरच्याच्या चेहऱ्यावर. इन्स्पेक्टरनं फोटोकडे पाहिलं की प्रेक्षकही फोटो बघायला माना उंचावतात, आणि त्या चेहऱ्यावरचं ओळखीचं दचकणं निसटून जातं.

१९५४ मध्ये गाय हॅमिल्टन यांनी या नाटकावर चित्रपट केला. त्यात गूलचा पूल झाला आणि ती भूमिका ॲलस्टेर सिम यांनी केली. नाटकात ईव्हा एकदाही येत नाही; चित्रपटात ती फ्लॅशबॅकमध्ये हिंडते, बोलते. मला हा तोटा वाटतो. कोणी कबुली देत असताना रंगमंचावर ती ऐकणारा माणूस सतत दिसत असतो. फ्लॅशबॅक सुरू झाला की तोच नाहीसा होतो. सिमनी मात्र यातूनही वाट काढली. कॅमेरा परत येतो तेव्हा तो मृदू आवाजाचा माणूस असा बसलेला असतो, की ही हकीकत त्याला आधीच ठाऊक होती.

‘डायल एम फॉर मर्डर’चं उलट आहे. फ्रेडरिक नॉट यांच्या या नाटकात ब्रॉडवेवर इन्स्पेक्टर हबर्ड करणारे जॉन विल्यम्सच हिचकॉकनी १९५४ च्या चित्रपटात घेतले, आणि गोष्ट नाटकासारखीच जवळपास पूर्ण एकाच फ्लॅटमध्ये ठेवली. शेवटी, बायकोच्या खुनाचा कट रचणाऱ्या टोनीला दाराची किल्ली लागत नाही. तो परत फिरतो, मग थबकतो. हबर्ड आतून, खिडकीतून त्याला न्याहाळतो आणि आतल्यांना सांगत राहतो. टोनी दिसतो, तरी आपण खरे थांबलेलो असतो ते हबर्डबरोबर. इतकं थांबायला लावणारा नट रंगभूमीवरच घडलेला असतो.

‘धुम्मस’ या गुजराती नाटकावरून यश चोप्रांनी १९६९ मध्ये ‘इत्तेफाक’ केला. त्यातला इफ्तेखार यांचा इन्स्पेक्टर कर्वेही आवाज न चढवता चौकशी करतो. आपल्याकडे खाकी वर्दी, टोपी आणि हातातली छडी यांवर अर्धी भूमिका निभावून न्यायची सवय आहे. मला ती बोचते, कारण हात छडीशी चाळा करू लागले की ऐकणं तिथेच थांबतं.

तालमीत नव्या मुलाला मी इन्स्पेक्टरची वाक्यं आधी पाठ करू देत नाही. समोरच्यांची पाठ करायला लावतो. साक्ष देणारा कुठे श्वास घेणार, कुठे शब्द गिळणार, हे त्याला कळलं की पुढचा प्रश्न नेमका त्या जागी पडतो.