जातीच्या रकान्यात ‘मुसलमान’

दुसऱ्या वर्षाची परीक्षा संपवून मे महिन्यात कोल्हापूरहून घरी आले, तेव्हा सुट्टीचे बेत साधे होते. दुपारी ताणून झोपायचं, दादीच्या हातचं कैरीचं लोणचं खायचं आणि पायथॉनचा अर्धवट राहिलेला ऑनलाइन कोर्स पुरा करायचा. झोप पहिले चार दिवस मिळाली. लोणचंही मिळालं. कोर्स अजून अर्धवटच आहे.

उन्हाळा हा आमच्या घरात कधीच सुट्टीचा मोसम नव्हता. अब्बा गाद्या भरतात. पावसाळ्याच्या आत लोकांना जुन्या गाद्या करून हव्या असतात, कारण उसवलेला कापूस कडक उन्हात घालावा लागतो. त्यात लग्नसराई. मुलीला द्यायची गादी अजूनही काही घरं कापसाचीच भरून घेतात. दुकानाच्या मागच्या शेडमध्ये पिंजण्याचं मशीन दिवसभर घरघरतं. अब्बा तोंडाला रुमाल बांधून कापूस आत सारतात, तरी संध्याकाळपर्यंत दाढी, भुवया, कान पांढरे होतात. अम्मी गादीपाटाच्या खोळी शिवते. भरलेल्या गादीला दाभणाने टाके घालायचं काम माझं. दुपारी पत्र्याखाली बसून टाके घालताना घामावर कापसाची तूस चिकटते आणि अंग नुसतं खाजतं. हॉस्टेलवरच्या मैत्रिणी फोटो मागतात, तेव्हा मी आमच्या आंब्याचा पाठवते.

धंदा कमी होतोय. फोमची गादी दुकानातून गुंडाळून मिळते, ती उसवावी लागत नाही. अब्बा यावर फार बोलत नाहीत. एवढंच म्हणतात, ‘‘तू शीक. हे मशीन माझ्यापर्यंतच.’’

शिकायचं म्हणजे पुढच्या वर्षी एमसीएला प्रवेश घ्यायचा. २०२४ पासून महाराष्ट्रात आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी माफ झाली आहे. ही सवलत ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस गटांतल्या मुलींसाठी आहे. आम्ही पिंजारी. राज्याच्या ओबीसी यादीत पिंजारी आहेत. फक्त आजवर आमच्या घरात कुणी जातीचा दाखलाच काढला नव्हता, कारण कुणाला त्याची गरज पडेल इतकं कुणी शिकलंच नव्हतं. दाखला, मग पडताळणी, यात महिने जातात. म्हणून अब्बा म्हणाले, ‘‘ही सुट्टी कागदांना दे.’’

सेतू केंद्रातल्या मुलाने यादी हातात ठेवली. त्यातली एक ओळ महत्त्वाची होती. ओबीसीच्या दाखल्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा, वडिलांकडच्या रक्ताच्या नात्यातला जातीचा पुरावा लागतो. अब्बांचा जन्म त्यानंतरचा. म्हणजे दादांचा कागद हवा. माझे दादा वारले त्याला अकरा वर्षं झाली. ते दोन इयत्ता शिकले होते, एवढंच सगळ्यांना माहीत होतं.

गावच्या प्राथमिक शाळेत सुट्टीतही मुख्याध्यापक सर अर्धा दिवस येतात. त्यांनी कपाटातून दाखल-खारीज रजिस्टर काढलं. पानांच्या कडा बोटाला लागताच तुटत होत्या. १९४१ सालच्या पानावर दादांचं नाव सापडलं. बापाचं नाव, धंदा ‘मजुरी’, आणि जातीच्या रकान्यात स्पष्ट अक्षरांत ‘मुसलमान’.

मी ते पान वर-खाली वाचलं. दादांच्या वर एक मराठा, एक न्हावी. खाली लिंगायत, महार, मग पुन्हा मराठा. त्याच पानावर आणखी दोन मुलं आमच्यातली होती. त्यातल्या एकाच्या घरी बकरी कापायचा धंदा, दुसऱ्याचं घर मशिदीच्या खिदमतीतलं, हे गावात आजही कुणीही सांगेल. दोघांच्याही पुढे ‘मुसलमान’. ज्या गुरुजींनी ते लिहिलं, त्यांच्या घरची गादी बहुधा माझ्या पणजोबांनीच भरलेली असणार. गावात आमच्या घराला आजही पिंजाऱ्याचं घर म्हणतात. अब्बांना लहानथोर सगळे पिंजारीचाचा म्हणतात. आडनाव शेख आहे, हे फक्त पोस्टमनला आणि रेशन दुकानदाराला माहीत.

‘मुसलमान’ हे खोटं नव्हतंच. पण सरकारला हवं होतं ते त्यात नव्हतं. मराठी मुलखातल्या हजारो मुसलमान घरांची अडचण हीच आहे. खाटीक, बागवान, पिंजारी, तांबोळी, मोमीन यांना गाव धंद्याने ओळखत आलं आणि रजिस्टरने त्यांना एकाच शब्दात गुंडाळलं.

सेतूवरून परत आले तेव्हा फुफीचा मुलगा घरी आला होता. तो सांगलीत नोकरी करतो, त्याला सगळं माहीत असतं. तो म्हणाला, ‘‘कशाला एवढी उठाठेव? ईडब्ल्यूएसचा काढ. त्याला दादांच्या जातीचा पुरावा लागत नाही. फी तेवढीच माफ.’’ मला ते पटलं. मी मोबाइलवर वाचून बघितलं. ते आरक्षण २०१९ साली आलं, दहा टक्के, आणि ते अनुसूचित जाती, जमाती, ओबीसी यांपैकी कशातही न बसणाऱ्यांसाठी आहे. म्हणजे आम्ही त्या कुठल्याच यादीत नाही, असं लिहून द्यावं लागणार होतं.

अब्बा हात धुऊन जेवायला बसत होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, ‘‘दिवसभर कापूस पिंजायचा आणि संध्याकाळी सही करून सांगायचं, मी पिंजारी नाही म्हणून?’’

फुफीचा मुलगा म्हणाला, ‘‘मामू, कागद आहे नुसता.’’

‘‘कागदच आहे. म्हणून खरा असू दे.’’

पुढे कुणी बोललं नाही. मला मात्र राग आला होता. फी माझी भरायची होती, वर्ष माझं जाणार होतं, आणि खरेपणाचा हट्ट अब्बांचा होता. त्या रात्री गच्चीवर झोप लागली नाही.

जुम्म्याच्या नमाजनंतर अब्बांना आणखी एक गोष्ट ऐकावी लागली. गल्लीतले एक बुजुर्ग चच्चा घरी आले आणि बाहेरच्या बाकावर बसून त्यांनी समजावलं, ‘‘आपल्यात जात असते का रे? मशिदीत सगळे एका सफमध्ये उभे राहतो. पोरीला जात शोधायला कुठं पाठवतोस?’’ हा प्रश्न खोटा नव्हता. मदरशात आम्हीही हेच शिकलो. काळ्या-गोऱ्यात, अरबी-अजमीत फरक नाही.

अब्बा म्हणाले, ‘‘चच्चा, सफमध्ये नाही हे खरं. मागच्या वर्षी माझ्या पुतणीचं स्थळ कशावरून मोडलं, तेवढं सांगा.’’ चच्चांना ते माहीत होतं. मुलाकडच्यांनी निरोप पाठवला होता, पिंजाऱ्यांत आम्ही करत नाही. चच्चा चहा पिऊन गेले. जाताना माझ्या डोक्यावर हात ठेवला.

यावर मी बरेच दिवस विचार करते आहे. दीनमध्ये जात नाही, आणि ती नाही यावर माझा ईमान आहे. पण आमच्या मागासलेपणाला दीन जबाबदार नाही, म्हणून ते मागासलेपणच नाही असं कसं म्हणायचं? ओबीसीची यादी आपल्याला श्रद्धा विचारत नाही. तुमच्या घराने पिढ्यान्‌पिढ्या काय काम केलं आणि त्या कामाने तुम्हाला शाळेपासून किती लांब ठेवलं, एवढंच विचारते. जालन्याच्या शब्बीर अन्सारींनी मुस्लिम ओबीसींची चळवळ उभी केली, तेव्हा त्यांनाही हाच सवाल सोसावा लागला, की तुम्ही मुसलमानांत जाती आणता. नट दिलीपकुमार त्या चळवळीच्या सभांना जात आणि आपण फळं विकणाऱ्यांच्या घरातले आहोत, हे सांगायला त्यांना संकोच वाटत नसे. जाती चळवळीने आणल्या नव्हत्या. त्या लग्नाच्या निरोपात आधीपासून होत्या. चळवळीने फक्त त्यांना फायद्याच्या बाजूनेही मोजा म्हटलं.

शाळेचा उतारा उपयोगाचा नाही म्हटल्यावर मुख्याध्यापक सरांनीच वाट दाखवली. ‘‘कोतवाल बुक बघ. गाव नमुना चौदा. जन्म-मृत्यूच्या नोंदी. त्यात जात सविस्तर लिहायचे.’’ तालुक्याच्या ठिकाणी अर्ज दिला, फी भरली आणि चौथ्या फेरीला नक्कल हातात आली. वर ‘जिल्हा सातारा’ लिहिलेलं बघून मी घाबरले, दुसऱ्याच गावाची दिली की काय. मग कळलं, की आमचा भाग पूर्वी साताऱ्यातच होता. १९४९ साली दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० साली त्याला सांगली नाव मिळालं. त्यापुढचं मात्र काहीच वाचता येईना. सगळं मोडीत होतं.

बारावीपर्यंत मराठी माध्यमात शिकले, मराठीत मला नेहमी चांगले मार्क पडले, आणि माझ्याच गावाचा मराठी कागद माझ्या हातात मुका होता. २०२३ पासून कुणबी नोंदींचा शोध सुरू झाल्यावर मोडी वाचणाऱ्यांना पुन्हा मागणी आली आहे. शेजारच्या गावातले एक निवृत्त गुरुजी त्याच कामात होते. भाऊ मला मोटरसायकलवरून घेऊन गेला. निघताना दादी ओरडली, ‘‘इत्ती धूप में कायकू जाती गे?’’

गुरुजींनी ओसरीवर चटई घातली, आधी पाणी दिलं, मग भिंग काढलं. मोडीत हात न उचलता ओळ ओढत नेतात, आणि ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नसतो, हे त्यांनी मला दाखवून दिलं. बोट ओळीवरून सरकवत ते नावं वाचत होते. सतरा-अठरा नोंदींनंतर थांबले.

‘‘तुझ्या पणज्याचं नाव काय म्हणालीस?’’

मी सांगितलं.

‘‘ही बघ. सन १९३८. मयत. बापाचं नाव हेच. जात, मु. पिंजारी. मुलगी. वय आठ महिने. ताप.’’

मी विचारलं, ‘‘आणि तिचं नाव?’’

त्यांनी भिंग पुन्हा धरलं. ‘‘नाव घातलेलं नाही, बाळ. नुसतं मुलगी.’’

मला हवे होते ते दोन शब्द सापडले होते. त्यांचा आनंद व्हायला हवा होता, झालाही. पण माघारी येताना मनात ती आठ महिन्यांची मुलगीच होती. दादा तेव्हा चार वर्षांचे असतील. त्यांनी तिच्याबद्दल कधी कुणाला सांगितलं नाही, किंवा त्यांनाच ती आठवत नसेल. जिवंत मुलाच्या नावापुढे शाळेने ‘मुसलमान’ लिहिलं. मेलेल्या मुलीच्या नावाची जागा कोतवालाने मोकळी सोडली, पण बापाची जात पुरती लिहिली. आज तिच्या मरणाच्या नोंदीवर माझं शिक्षण उभं राहणार होतं.

दादीला सांगितलं तेव्हा ती सुपारी कातरत होती. तिचा हात थांबला. थोड्या वेळाने म्हणाली, ‘‘सासू शबे-बरातच्या फातेहाला एक वाटी दूध वेगळं ठेवायची. कुणाचं म्हणून विचारलं की गप्प बसायची.’’ मग तिने पुन्हा सुपारी कातरायला घेतली.

अर्जाला वंशावळ जोडावी लागते. मी कॉम्प्युटरवर चौकटी काढल्या. पणजोबा, त्यांच्याखाली दादा, मग अब्बा आणि चाचा, मग आम्ही. सेतूतल्या मुलाने सांगितलं होतं, की नोंद ज्या व्यक्तीची, तिचा अर्जदाराशी संबंध दिसला पाहिजे. म्हणून दादांच्या शेजारी तिची चौकट काढली. नावाच्या जागी काय लिहायचं, ते अब्बांना विचारलं. ते मशीन बंद करून आत आले, स्क्रीनकडे बघत उभे राहिले आणि म्हणाले, ‘‘जे आहे तेच लिही.’’ मी लिहिलं, ‘मुलगी (मयत, १९३८)’.

मी वहीत मोजलं, या कामाला एकूण अकरा फेऱ्या झाल्या. त्यातल्या नऊ अब्बांनी दुकान बंद ठेवून केल्या. ऐन हंगामातल्या दुकानबंदीची किंमत मला माहीत आहे, कारण हिशेबाची वही मीच लिहिते. त्या रात्रीचा राग कधी गेला ते कळलं नाही. ईडब्ल्यूएसचा दाखला काढला असता तर या मुलीचं नावसुद्धा, म्हणजे तिचं नसलेलं नावसुद्धा, आमच्या घरात कुणाला कळलं नसतं.

अर्ज दाखल झाला आहे. दाखला येईल, मग पडताळणी, त्यात पुन्हा काही त्रुटी निघतील, निघू देत. मूळ कागद अम्मीने प्लास्टिकच्या पिशवीत घालून कुराणशरीफच्या खालच्या फळीवर ठेवले आहेत. एक झेरॉक्स मी कोल्हापूरला नेणार आहे. गुरुजींनी मला मोडीची बाराखडी लिहून दिली आहे, ती रोज थोडी गिरवते. माझं नाव आता मला मोडीत लिहिता येतं.