पितळ उघडं पडलं… साखरखेर्ड्यात!

सध्या कुणाच्याही नव्या फ्लॅटमध्ये जा. बाल्कनीत मनी प्लँट, भिंतीवर वारली आणि टीव्ही युनिटच्या कोपऱ्यात एक काळपट चेहऱ्याची, गळाभर मण्यांच्या माळा घातलेली, डोक्यावर उंच टोकदार टोपी असलेली आफ्रिकन बाई. वरून स्पॉटलाइट. ‘हॅण्डक्राफ्टेड आफ्रिकन ब्राँझ आहे,’ असं यजमान सांगतात आणि आपण ‘वॉव’ म्हणतो. किंमत विचारायची नसते. ती पाच आकडी आहे, हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळतंच.

वॉव म्हणायला हरकत नाही, वस्तू देखणी असते. फक्त ती बहुतेक वेळा ब्राँझची नसते, चक्क पितळेची असते. आणि ती ज्या मूळ मूर्तीवरून बेतलेली आहे, ती काही दिवाणखाना सजवायला घडवलेली नव्हती. मला हे आठवण्याचं कारण मात्र आफ्रिका नाही, साखरखेर्डा.

कुठे आलं हे? बुलढाणा जिल्हा, सिंदखेड राजा तालुका. जिजाऊंचं माहेर याच तालुक्यात आणि समृद्धी महामार्गही याच तालुक्यातून जातो. त्यामुळे हल्ली पुण्या-मुंबईची मंडळी इथून जातात खरी, पण ताशी १२०च्या स्पीडने. खाली उतरलात तर कपाशी, तूर, सोयाबीन, काळी माती आणि एकदम शांतता. साखरखेर्ड्यात वीरशैव परंपरेचा पलसिद्ध मठ आहे, प्रल्हाद महाराजांचं स्थान आहे. भाविकांना गाव माहीत असतं ते त्यामुळे. इतिहासवाल्यांना माहीत असतं ते वेगळ्याच कारणाने. ऑक्टोबर १७२४ मध्ये इथे निजाम-उल-मुल्क आणि मुबारिझ खान यांची लढाई झाली. मुबारिझ खान मारला गेला आणि हैदराबादच्या निजामाच्या राज्याचा पाया या शिवारात पक्का झाला. विजयाच्या खुशीत गावाचं नावच ‘फतेहखेर्डा’ करून टाकलं. सरकारी कागदांत ते पुढे बराच काळ चाललं, पण लोकांच्या तोंडात साखरच राहिली!

माझ्या मावशीचं घर याच गावात. मातीच्या जाड भिंती, माळवद, आणि माळ्यावर तीन पिढ्यांचा संसार. मुलगा हिंजवडीत. घर पाडून स्लॅबचं बांधायचं ठरलंय, त्यामुळे माळा रिकामा करणं सुरू होतं. एकेक वस्तू खाली येत होती. पाणी भरायचे गुंड, परात, बंब, समई, काशाची वाटी. सगळ्यांवर काळ्या-हिरव्या रंगाचा थर. इंटिरिअरवाले यालाच ‘पॅटिना’ म्हणतात आणि त्याचे वेगळे पैसे लावतात. मावशी त्याला ‘कळकलं’ म्हणते.

अंगणात भंगारवाला तराजू लावून बसलेला. पितळ वेगळं, तांबं वेगळं, भाव किलोवर, त्यातून घट वजा. “हे घासाले कोन बसलं हाय आता?” मावशी म्हणाली, आणि दोन गुंड तराजूत गेले.

त्यातला एक मी उचलून पाहिला. गळ्याखाली टिकलीटिकलीने कोरलेली अक्षरं. मावशीच्या सासूचं नाव, तिच्या वडिलांचं नाव, त्यांचं गाव आणि लग्नाचं साल. आपल्याकडे आंदणात आलेल्या भांड्यांवर नावं घालायची पद्धत होती, त्यासाठी छिन्नी-हातोडी घेऊन बसणारा माणूस भांड्यांच्या दुकानाबाहेर असायचा. सातबाऱ्यावर या बाईचं नाव नव्हतं. शाळेत ती गेलेलीच नव्हती, म्हणजे दाखलाही नाही. माहेरच्या नावासकट ती लिहिली गेली, ती बहुधा या पितळेवरच. आणि हे पितळ वितळायला निघालेलं.

इथेच मला ती टीव्ही युनिटवरची आफ्रिकन बाई आठवली. तिचं नाव इडिया. आजच्या नायजेरियातल्या बेनिन राज्याची, सोळाव्या शतकाच्या सुरुवातीची राजमाता. बेनिनच्या राजाला ‘ओबा’ म्हणतात. ओबा गेला की पुढच्या राजाने त्याच्या नावाने वेदी उभारायची, तिच्यावर पितळेचं मस्तक बसवायचं आणि मस्तकात कोरीव हस्तिदंत उभा करायचा. ओबांच्या मस्तकांना वरून गोल भोक असतं ते त्यासाठीच. (त्या भोकात ड्राय फ्लॉवर्स खोचलेले मी पाहिलेत. असो.) राजवाड्याच्या खांबांवर पितळी पत्रे होते आणि त्यांवर राजे, सरदार, पोर्तुगीज व्यापारी, समारंभ उठावात घडवलेले. म्हणजे त्यांची बखर धातूत होती. १८९७ मध्ये इंग्रज फौजेने बेनिन शहर जाळलं आणि ही बखर हजारो तुकड्यांत उचलून नेली. लंडन, बर्लिन, व्हिएन्ना, जिथे गिऱ्हाईक मिळालं तिथे. परत यायला सव्वाशे वर्षं लागली, आणि तीही थोड्याच वस्तूंना. जर्मनीने २०२२ पासून, तर नेदरलँड्सने २०२५ मध्ये ११९ वस्तू नायजेरियाला परत केल्या.

आता पितळेचं. तांब्यात कथिल मिसळलं की कांसं, म्हणजे ब्राँझ. जस्त मिसळलं की पितळ. ‘बेनिन ब्राँझ’ हे नाव जगभर रूढ झालं, पण त्यातलं बरंचसं पितळच आहे. पोर्तुगीज व्यापारी पितळी कडी देऊन गुलाम आणि मिरी घेत. तीच कडी वितळवून ओतकाम व्हायचं. ते पितळ मुख्यतः जर्मनीतल्या ऱ्हाइन नदीच्या परिसरातून यायचं, हे २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसलं. खरं कांसं हवं असेल तर नायजेरियातच इग्बो-उक्वूला चला, नवव्या शतकातलं. किंवा आपल्या आजीच्या तळपायाला तूप लावून घासायच्या त्या वाटीकडे बघा.

मावशीच्या माळ्यावरून सगळ्यात शेवटी आला तो देव. घोड्यावरचा खंडोबा, वीतभर उंचीचा, झिजून नाक सपाट झालेला. गुंड ठोकून घडवतात, हा मात्र ओतलेला. मातीचा गाभा, त्यावर मेण, मेणात नाकडोळे, वरून पुन्हा मातीचं लेपण. तापवलं की मेण वितळून बाहेर, त्या पोकळीत धातू आत, आणि मग साचा फोडायचा. बेनिन शहरात इगुन स्ट्रीटवर ओतारी आजही असंच करतात, बस्तरचे घडवे असंच करतात आणि आपले ओतारीही. कल्याणीच्या चालुक्य राजा सोमेश्वराने बाराव्या शतकात ‘मानसोल्लास’मध्ये ही रीत लिहून ठेवलीये. तोच ग्रंथ, ज्यातल्या डोशा-इडलीचे दाखले फूडी मंडळी देत असतात! मेण तोलून घ्या, चांदी असेल तर त्याच्या बारापट, सोनं असेल तर सोळापट, असा हिशेब त्यात आहे. वऱ्हाडात धातूचा हा कारभार जुनाच. अकोला जिल्ह्यातल्या राजनापूर खिनखिनीला सापडलेल्या जैन मूर्ती नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात आहेत, वेळ काढून बघाच.

आणि आफ्रिका म्हणाल तर ती या भागात शोपीस म्हणून आलीच नव्हती. इथिओपियात जन्मून गुलाम म्हणून विकला गेलेला मलिक अंबर निजामशाहीचा सर्वेसर्वा झाला. सिंदखेडच्या लखुजी जाधवांनी आधी त्याच्या बाजूने आणि नंतर त्याच्याविरुद्ध तलवार चालवली.

खंडोबा पाहून भंगारवाल्याचा सूर बदलला. मूर्तीला वेगळा भाव देतो म्हणाला, शहरातली पार्टी आहे. मावशीने देव पदराखाली घेतला. देव मोडीत देत नाहीत, विषय संपला. मग प्रश्न आला, जाणार कुठे? वन बीएचकेमध्ये देवघर नाही. वहिनीने व्हिडिओ कॉलवर मूर्ती पाहिली आणि म्हणाली, “कसला भारी एथनिक पीस आहे, टीव्ही युनिटवर मस्त दिसेल!” मी मावशीकडे बघायचं टाळलं. ती जरा वेळाने म्हणाली, “ठेवू दे टीव्हीपाशी. पन दिवा लाव म्हना.”

मला विचाराल तर एवढी अट रास्त आहे. मस्तक वेदीवरून उचललं की ते शिल्प होतं, देव फडताळात बसवला की तो पीस होतो, हे काही आपल्याला थांबवता येणार नाही. पण तो कुणाचा, कुठून आला, एवढं तरी घरात कुणाला सांगता यावं. गुंडाचं मी तेव्हाच मिटवलं. भंगारवाल्याला वजनाचे पैसे दिले आणि तो पुण्याला आणला. दुसऱ्या गुंडावर नाव नव्हतं, तो गेला.

तुम्हाला आफ्रिकन पीस घ्यायचाच असेल तर घ्या की. हातात घेऊन वजन बघा, ‘ब्राँझ फिनिश’ लिहिलेलं रेझिन हलकं लागतं. लोहचुंबक चिकटलं तर आत लोखंड आहे. एकाच चेहऱ्याच्या डझनभर मूर्ती ओळीने मांडलेल्या दिसल्या तर ‘हॅण्डक्राफ्टेड’ या शब्दाला जरा घासाघीस करा. जुनी भारतीय मूर्ती कुणी विकत असेल तर जपून. शंभर वर्षांपेक्षा जुनी मूर्ती १९७२च्या पुरावस्तू कायद्यात येते, विकणाऱ्याकडे परवाना लागतो, आणि अमेरिकेतल्या भावाला गिफ्ट म्हणून पाठवता येत नाही.

आणि गावाकडच्या माळ्यावर चढलात, तर तराजू यायच्या आधी चढा. चिंचेचा कोळ, चिमूटभर मीठ, मऊ फडकं. कोरलेल्या अक्षरांवर तारेची घासणी नको, ती आधीच बरीच झिजलेली असतात.