एकेचाळिसावं वचन

५ एप्रिल २०२५, कळंब

१९२२ साली आजच्याच तारखेला पंडिता रमाबाई गेल्या. १९०५ मध्ये त्यांच्या केडगावच्या मुक्ती मिशनात मुली ढसाढसा रडत प्रार्थना करू लागल्या, ते लोकांना आठवतं. मला त्यांनी मराठीत आणलेलं बायबल जवळचं वाटतं. दुष्काळात आईवडील आणि बहीण गेली, १८८० साली भाऊ, मग दोन वर्षांत नवरा, १९२१ साली एकुलती एक लेक मनोरमा. त्या बाईंनी हिब्रू शिकून विलापगीत मराठीत आणलं. त्यात लेकरं भाकर मागतात आणि द्यायला कुणी नसतं. रमाबाईंनी उपासमार स्वतः सोसली होती.

१३ एप्रिल, झावळ्यांचा रविवार

उपासनेला यवतमाळला गेले. मागच्या बाकावर आमच्याच तालुक्यातली एक बाई होती. यंदा कपाशीनं दगा दिला, कर्ज थकलं आणि तिच्या नवऱ्यानं फवारणीचं औषध घेतलं. दुसऱ्या गीताला तिला हुंदका आवरेना. तिनं पदराचा बोळा तोंडात कोंबला, तरी खांदे हलत होते. शेजारची म्हणाली, "रडू नको गं, विश्वास ठेव, तो प्रभूजवळ आहे." ती उठून बाहेर गेली, चपला काढतात तिथं उभी राहिली. तेव्हा एक म्हातारी मावशी मोठ्यानं बोलल्या, "रडू द्या न तिले! देवाजवळ नाही रडाचं त कुठी रडाचं?"

वाचन लूकच्या एकोणिसाव्या अध्यायातलं होतं. चाळिसाव्या वचनाला ते थांबलं. घरी येऊन पुढं वाचलं. एकेचाळिसाव्यात येशू यरुशलेम पाहून रडतो. त्याच मिरवणुकीत, स्तुतीच्या गजरात. आम्ही झावळ्या हलवल्या आणि नेमकं तेवढं वगळलं. याचा मला राग आला.

१६ एप्रिल

संकष्टी. इथल्या चिंतामणी गणपतीच्या देवळात तुडुंब गर्दी. देवळाच्या पायऱ्या उतरताना एक बाई डोळे पुसत होती. लोक बाजूनं जात होते, तिला कुणी गप्प केलं नाही. मला बायबलमधली हन्ना आठवली. शिलोच्या मंदिरात ती रडत प्रार्थना करत होती, ओठ हलत होते पण आवाज येत नव्हता, म्हणून एली याजकाला ती प्यालेली वाटली. तिचं गाऱ्हाणं ऐकल्यावर मात्र त्यानं तिला आशीर्वाद देऊन पाठवलं.

१८ एप्रिल, उत्तम शुक्रवार

वधस्तंभावर येशूनं बाविसाव्या स्तोत्राची पहिलीच ओळ उच्चारली, देवानं मला का टाकलं म्हणून. दीडशे स्तोत्रांत जवळजवळ एक तृतीयांश विलापाची आहेत, आणि अठ्ठ्याऐंशीवं तर अंधारातच संपतं. त्याच्या शेवटी स्तुतीची एक ओळही नाही.

संध्याकाळी रविवारी उपासनेत रडलेल्या त्या बाईकडे गेले. भिंतीला टेकून फवारणीचा पंप तसाच होता. मी अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र वाचलं. ती रडली, मग वर बघून म्हणाली, "पोरांची फी कोण भरीन, सांग." मी आमेन म्हटलं. यापेक्षा खरी प्रार्थना मी या उपासकाळात ऐकली नाही.

१९ एप्रिल

आमच्या मंडळ्यांच्या पाळकांना आणि वडीलजनांना विनंती आहे. ज्या घरात मरण झालंय, त्या घरच्यांना भर उपासनेत रडू द्या. त्यांच्यासाठी विलापाचं एक स्तोत्र वाचा, आणि ते संपल्यावर लगेच आनंदाचं गीत सुरू करू नका. पुढच्या झावळ्यांच्या रविवारी लूक एकोणीस वाचाल, तेव्हा एकेचाळिसावं वचनही वाचा.