राजाचा गाडा

सैनिकाविषयी आदर नाही असे घर आमच्या पाचोऱ्यात विरळाच. म्हणूनच लष्करी वाहनाखाली कोणी सापडले, की गृहस्थाची मोठी पंचाईत होते. दाद मागावी तर देशाविरुद्ध उभे राहिल्यासारखे वाटते. न मागावी तर घर चालत नाही. आमच्या परिचयाच्या एका घरातील कर्ता मुलगा असा गेला, तेव्हा त्याचे वृद्ध वडील आम्हांस म्हणाले, "गुरुजी, सरकारशी आपण काय भांडणार? आणि पोराच्या रक्ताचा पैसा घरात घ्यायचा तरी कसा?"

पहिला प्रश्न जुनाच आहे. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात गाडीच्या अपघाताचाही विचार केलेला आढळतो. जू मोडले, आस तुटला, तर दंड नाही. परंतु सारथी अकुशल असल्यामुळे इजा झाली, तर गाडीच्या धन्यास २०० पण दंड. त्याच अध्यायात, सामान्य माणसास जेथे एक कार्षापण दंड तेथे राजास सहस्र, असेही सांगितले आहे. दंड आणि भरपाई एक नव्हेत, हे खरे. तथापि धनी राजा असला म्हणून सुटत नाही, हे तत्त्व दोहोंस लागू आहे.

इंग्रजी अमदानीत ते झाकोळले. १८६१ साली कलकत्त्याच्या न्यायालयाने एका घोड्यास झालेल्या इजेबद्दल सरकारवरील दावा मान्य केला, पण राजसत्तेची म्हणून जी कामे, त्यांस सूट ठेवली. पुढे लष्करी गाड्यांच्या बाबतीत सरकार त्याच सुटीचा आधार घेऊ लागले. तोफखाना शाळेकडे यंत्र नेणाऱ्या लष्करी ट्रकच्या अपघातात मुंबई उच्च न्यायालयाने मात्र, ही वाहतूक राजसत्तेचे काम नव्हे, असे ठरवून सरकारला जबाबदार धरले. तो निवाडा १९६९ च्या संग्रहात छापलेला आहे.

आता व्यवहाराचे. केंद्र सरकारच्या अशा वाहनांस विम्याची सक्ती नाही. म्हणून विमा कंपनी शोधीत न बसता अर्जात भारत सरकारलाच प्रतिपक्ष करावे. लष्करी गाडीच्या क्रमांकात वर तोंड केलेला बाण असतो; तो क्रमांक पूर्ण टिपून पोलिसांत नोंदवावा. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे अपघात अन्यत्र झाला असला तरी आपल्या राहत्या भागातील मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो. २०२२ पासून त्यास सहा महिन्यांची मुदत आहे. सुतक फिटले की वकिलास भेटावे.

राहिला रक्ताचा प्रश्न. न्यायाधिकरण मृताचे वय, मिळकत आणि त्याच्यावर अवलंबून असलेली माणसे पाहून रक्कम ठरविते. ती पुत्राची किंमत नव्हे. ती किंमत कोण करणार? तो जगता तर सुनेच्या हाती जो पगार पडता आणि नातवाची जी फी भरली जाती, तेवढीच ती आहे. ती नाकारण्याचा अधिकार आजोबांस आहे काय, याचा विचार घरातील वडीलधाऱ्यांनी करावा. स्वतःपुरता त्याग थोर खरा. पण अज्ञान नातवाच्या वतीने केलेल्या त्यागास आम्ही त्याग म्हणणार नाही.