फिजिओथेरपीला पहिल्यांदा जाताना

फिजिओथेरपीच्या पहिल्या भेटीत उपचार थोडे आणि तपासणी जास्त असते. ‘लाईट घ्यायची’, ‘मशीन लावायचे’ आणि निघायचे, अशा समजुतीने पुष्कळ रुग्ण येतात. प्रत्यक्षात बराचसा वेळ बोलण्यात, चालून-बसून दाखवण्यात आणि सांध्यांची हालचाल मोजण्यात जातो. त्यामुळे पहिल्या भेटीची तयारी म्हणजे केवळ फाईल गोळा करणे नव्हे. आपले काम आणि आपले दुखणे यांचा हिशेब नीट सांगता येणे, हा तिचा मोठा आणि सर्वांत दुर्लक्षित भाग आहे.

भारतात या विद्येचे शिक्षण १९५३ साली मुंबईच्या केईएम रुग्णालयात, पोलिओच्या साथीनंतर सुरू झाले. पोलिओने अधू झालेल्या मुलांचा एकेक स्नायू हाताने तपासून त्याची ताकद ठरवावी लागे. आजही पहिल्या दिवशी स्नायूला शून्य ते पाच अशी श्रेणी दिली जाते आणि सांधा किती अंशांत वळतो ते गोनिओमीटरने मोजतात. पुढची सगळी प्रगती याच आकड्यांशी ताडून पाहायची असते. हे मोजमाप शिकलेल्या हातांनीच व्हायला हवे. नाशिकमध्ये मुख्यालय असलेल्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या कक्षेत फिजिओथेरपीची पदवीही येते. थेरपिस्टकडे ही किंवा अशी मान्यताप्राप्त पदवी आणि राज्य परिषदेची नोंदणी आहे ना, हे विचारण्यात संकोच करू नये.

दुखण्याचा हिशेब म्हणजे काय, हे द्राक्षबागेतल्या खांद्यावरून चांगले कळते. ऑक्टोबर छाटणीनंतर घड सुटले की नाशिक जिल्ह्यात निफाड-दिंडोरीकडे विरळणीची कामे चालतात. मान मागे टाकून, हात डोक्याच्या उंचीवर धरून बायका तासन्‌तास घडातले मणी कात्रीने काढतात. अशी बाई खांदा धरून आली आणि ‘हात दुखतो’ एवढेच म्हणाली, तर त्यातून फारसे हाती लागत नाही. कात्री कोणत्या हातात असते, दुखणे दुपारनंतर वाढते की सकाळी उठताना, त्या कुशीवर झोप लागते का, अंबाडा घालताना हात मागे पोचतो का, कळ कोपरापर्यंत उतरते की बोटांना मुंग्या येतात, हे तिने सांगितले की तपासणीला दिशा मिळते. थेरपिस्ट आधी तिला हात स्वतः उचलायला लावतो, मग हात सैल सोडायला सांगून आपण उचलतो. दुसऱ्याने उचलूनही खांदा अडला, विशेषतः कोपर अंगाशी ठेवून पंजा बाहेर वळवताना, तर सांधा आखडला असल्याची शक्यता मोठी. दुसऱ्याने उचलल्यावर हात सहज वर गेला, पण स्वतःला उचलवत नसेल, तर संशय स्नायूवर, त्याच्या कंडरेवर किंवा नसेवर जातो. दोन्हींचे उपचार निराळे. मधुमेह असलेल्यांत खांदा आखडण्याचे प्रमाण जास्त असते आणि तो सुटायलाही वेळ लागतो, म्हणून खांद्याच्या रुग्णानेही साखरेचा रिपोर्ट बरोबर न्यावा.

नाशिकच्या सातपूर-अंबडमधल्या कारखान्यात दिवसभर एकाच बाजूला वळून माल उचलणाऱ्याने आपली उभे राहण्याची पद्धत करून दाखवावी. गुडघ्याच्या रुग्णाने घरातला संडास भारतीय पद्धतीचा आहे की कमोड, जिने किती, जेवायला मांडी घालून बसावे लागते का, हे सांगावे. काय साधायचे आहे, तेही नेमके बोलावे. ‘बरे वाटावे’ यापेक्षा ‘काळाराम मंदिराच्या पायऱ्या चढता याव्यात’ हे उद्दिष्ट थेरपिस्टला जास्त उपयोगी पडते.

कागदांत डॉक्टरांची चिठ्ठी, एक्स-रे किंवा एमआरआय, शस्त्रक्रिया झाली असल्यास डिस्चार्ज कार्ड आणि चालू औषधांची यादी पुरे. वेदनाशामक गोळी परस्पर बंद करू नये, फक्त ती किती वाजता घेतली ते सांगावे, कारण गोळीच्या अमलाखाली दुखरी जागा गप्प बसते. पेसमेकर, शरीरातली धातूची पट्टी वा स्क्रू, गर्भारपण या गोष्टी न विचारता सांगाव्यात. काही विद्युत उपचार अशा वेळी टाळावे लागतात. बाम किंवा तेल चोळून जाऊ नये. कपडे सैल असावेत. गुडघा उघडा करता येईल अशी सलवार, खांद्यासाठी बिनबाह्यांचा किंवा ढगळ कुडता चालतो. स्त्रियांनी घरातली कोणी सोबत न्यावी किंवा महिला थेरपिस्ट मागावी, त्यात काही वावगे नाही.

काही लक्षणांत मात्र या भेटीची वाट पाहू नये. कंबरदुखीबरोबर लघवी-संडासवरचा ताबा सुटला, जांघेत बधिरपणा आला किंवा पायातली शक्ती झपाट्याने कमी झाली, तर थेट रुग्णालय गाठावे.

घरी करायचे व्यायाम सुरुवातीला दोन-तीनच मागावेत. दहा व्यायामांचा कागद बहुधा उशीखालीच राहतो. निघण्याआधी ते थेरपिस्टसमोर एकदा करून दाखवावेत आणि शक्य असल्यास मोबाइलवर चित्रित करून घ्यावेत. तपासणीनंतर एखादा दिवस अंग ठणकणे स्वाभाविक आहे. ठणका त्यापुढेही टिकला किंवा मुंग्या वाढल्या, तर पुढच्या तारखेपर्यंत न थांबता फोन करून कळवावे.