मोटारीचा मोतीबिंदू

फलटणजवळच्या एका गावी एक निवृत्त पोस्टमास्तर राहतात. गावातील लहानथोर त्यांना अण्णा म्हणतात. त्यांची मोटार १६ वर्षांची आहे. गेली दोन वर्षे अण्णांची एकच तक्रार होती, ती म्हणजे रात्री रस्ता दिसत नाही. तपासणीत मोतीबिंदू निघाला, शस्त्रक्रिया झाली, वर्तमानपत्रातील बारीक अक्षरही स्पष्ट दिसू लागले. रस्ता मात्र पूर्वीइतकाच अंधुक! अण्णांनी बिचाऱ्या डॉक्टरांना दोष देण्यास आरंभ केला.

पौषातील एका रात्री ते परत येत होते. उसाचा हंगाम जोरात होता. पुढे उसाने लादलेली बैलगाडी चालली होती आणि तिच्या मागे दिवा नव्हता. उसाची टोके दिसली तेव्हा अंतर उरले होते जेमतेम दहा पावले. अण्णांनी करकचून ब्रेक दाबला. सुदैवाने कोणास इजा झाली नाही. गाडीवान खाली उतरून म्हणाला, "अण्णा, दिवे तरी लावायचे!"

दिवे तर लागलेलेच होते.

दुसऱ्या दिवशी त्यांची बारा वर्षांची नात मोटारीपुढे उकिडवी बसली आणि ओरडली, "आजोबा, मोतीबिंदू हिलाही झालाय!"

पूर्वी मोटारीच्या दिव्यांची झाकणे काचेची असत. १९५३ साली जर्मनीत आणि अमेरिकेत, एकमेकांना नकळत, पॉलिकार्बोनेट नावाचे प्लास्टिक तयार झाले. ते वजनाला हलके, खड्याच्या माराने सहसा न फुटणारे आणि हव्या त्या आकारात ओतता येणारे. पुढे मोटारींच्या दिव्यांना तेच वापरू लागले. पण ते चटकन ओरखडते आणि सूर्याचे अतिनील किरण त्याला सोसत नाहीत. म्हणून कारखान्यातच त्यावर एक कठीण, पारदर्शक लेप देतात. तो लेप झिजला की प्लास्टिक पिवळे व खरबरीत होते. मग दिव्याचा प्रकाश वाटेल तिकडे विखुरतो. रस्त्यावर थोडा पडतो आणि समोरून येणाऱ्याचे डोळे मात्र दिपवतो. अण्णांची मोटार छपराविना, अंगणात दक्षिणेकडे तोंड करून उभी असे. दिवसभर ऊन समोरूनच!

शेजाऱ्यांनी टूथपेस्ट चोळण्याचा उपाय सुचवला. दिवे चकाकले आणि महिनाभरात पुन्हा पिवळे झाले. दातांचे औषध दातांनाच बरे!

शेवटी गाड्या रंगवणारा एक कारागीर आला. त्याने दिव्याभोवतीच्या रंगावर चिकटपट्टी लावली आणि ८०० नंबरचा पॉलिश पेपर पाण्यात भिजवून नातीच्या हाती दिला. ती आडवे घासू लागली, तसे पिवळसर पाणी ओघळू लागले; तो जुना लेप निघत होता. पुढचा १५०० नंबरचा कागद उभा फिरवायचा, म्हणजे आधीचे आडवे ओरखडे गेले की नाही ते कळते. मग २०००, मग ३०००. मधेच अण्णा बाहेर आले, तो दिवा ताकासारखा पांढरा झालेला!

"अरे, होतं तेही घालवलंस की!"

कारागिराने हसून त्यावर तांब्याभर पाणी ओतले. क्षणभर आतला बल्ब लख्ख दिसला. पाण्याने बारीक ओरखडे भरून काढले होते. पाणी ओसरताच दिवा पुन्हा पांढरा. मग मलम लावून पॉलिश झाले. त्यावर अतिनील किरण अडवणारे पारदर्शक लॅकर फवारले आणि ते वाळेपर्यंत दिव्याला हात लावायचा नाही, अशी ताकीद मिळाली. टूथपेस्टच्या वेळी राहिले होते ते नेमके हेच.

उजव्या दिव्याला मात्र आतून ओल धरली होती, बारीक तडेही गेले होते. बाहेरून कितीही घासले तरी तिथवर हात पोचणार कसा? तो नवाच बसवावा लागला. इतक्या जुन्या मोटारीचा दिवा शोधण्यात तीन आठवडे गेले. तो बसवल्यावर संध्याकाळी मोटार भिंतीसमोर उभी केली आणि दोन्ही झोत एका उंचीवर येईपर्यंत मागचे स्क्रू फिरवले.

त्या रात्री अण्णा नातीला घेऊन त्याच रस्त्याने गेले. दूरवर दोन ठिपके चमकले. बैलाचे डोळे होते ते. अण्णांनी वेग कमी केला आणि बैलगाडी जाऊ दिली.

हल्ली मोटार अंगणात उत्तरेकडे तोंड करून उभी असते. डॉक्टरांविषयी अण्णा काही बोलत नाहीत.